बारशाचा दगड

काळ्या दगडाला कुणी नुसतं 'काळा दगड' म्हटलं, की माझ्या कपाळावर आठी चढते. आंब्याला आपण 'पिवळं फळ' म्हणतो का? तिथे हापूस, पायरी, तोतापुरी, देवगडचा की रत्नागिरीचा, अशी तासभर चर्चा चालते. आणि ज्याच्यावर आपलं गाव उभं आहे, देऊळ उभं आहे, ज्याची खडी आपल्या रस्त्यांत आणि स्लॅबमध्ये गेली, तो मात्र 'काळा दगड'! तो काळा का असतो, हे आपणहून विचारणारा माणूस मला आयुष्यात फार क्वचित भेटला. म्हणून मी न विचारताच सांगते. ओळखीच्या लोकांनी त्यावर उपाय शोधलाय. ते मला जिना चढताना गाठतात, म्हणजे मला दम लागतो आणि उत्तर आटोपशीर येतं.

तर तो काळा असतो तो मुख्यतः ऑगाइटमुळे. ऑगाइट हे एक खनिज. पायरॉक्सीन नावाच्या मोठ्या खानदानातलं हे सगळ्यांत जास्त ठिकाणी भेटणारं पोर. आपल्या बेसाल्टमध्ये दोन मुख्य बिऱ्हाडं नांदतात: एक फिकट रंगाचा फेल्स्पार आणि दुसरं हे काळपट हिरवं ऑगाइट. पोटात लोखंड आणि मॅग्नेशियम असल्यामुळे अंगाने जड. कण एवढे बारीक, की नुसत्या डोळ्यांना सगळं मिळून एकच काळं पीठ मळल्यासारखं दिसतं. पण ताजा तुकडा फोडून, जिभेने ओला करून भिंगाखाली धरला (हो, आम्ही दगड चाटतो, त्यात लाजायचं काय), की त्या काळ्यातली एकेक कणी लखकन चमकते. ऑगाइट फुटतं ते दोन दिशांनी, जवळजवळ काटकोनात. हॉर्नब्लेंड म्हणून त्याचा एक चुलतभाऊ आहे, दिसायला थेट तसाच काळा, पण तो तिरका फुटतो. ह्या दोघांत गफलत करून प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पोरं गारद होतात. मीही झाले होते.

आणि कठीण किती? 'काळ्या दगडावरची रेघ' आपण उगीच म्हणत नाही. चाकू घासून बघा, पुष्कळदा दगडावर चरा उठायच्या ऐवजी चाकूचंच रुपेरी पोलाद त्याच्यावर उमटतं. चांदोबाच्या तोंडावर जे काळे डाग दिसतात ना, तिथल्या दगडातही ह्याच खानदानातली मंडळी आहेत. एवढं माझं सहसा पहिल्या मजल्यापर्यंत सांगून होतं.

मी शिक्षिका नाही, तेवढा संयम माझ्याकडे नाही. टॉवर बांधायच्या आधी जमिनीत यंत्राने भोक पाडतात आणि खालचा खडक लांबलचक दांड्यासारखा बाहेर काढतात. त्याला कोअर म्हणतात. तो लाकडी पेट्यांमध्ये ओळीने मांडून ठेवतात आणि मी छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माती कुठे संपली, मुरूम कुठे संपला, कातळ कुठे लागला, ते लिहिते. बदलापुरात इतक्या बिल्डिंगी उठतायत की मला घरी बसायला कुणी फुरसतच देत नाही.

मी राहते अंबरनाथला. मुलगी बदलापुरात सोनिवलीला, सातव्या मजल्यावर. जावई आनंदनगरच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. त्यांच्याबरोबर माझ्या विहीणबाई असतात. त्या मूळच्या कराडकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या त्याला जमाना झाला, पण बोलणं अजून तिकडचंच. माझी मुलगी आम्हा दोघींनाही आई म्हणते. तिने हाक मारली की दोघी वळतो, आणि मग जिला बोलावलेलं नसतं ती उगीच पदर नाहीतर ओढणी सारखी करते.

मी सांगत्येय ती गोष्ट नातवाच्या बारशाची. पण त्याआधीचं सांगायला हवं. मुलीला ह्याच्या दोन वर्षं आधी एक मुलगी झाली होती. ती एक दिवस राहिली आणि गेली. तिचं नाव जन्माच्या आधीच ठरलेलं होतं. मुलगी झाली तर हे, असं दोघांनी पक्कं केलं होतं आणि पोटाला त्याच नावाने हाका मारायचे. ती गेल्यावर ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. टीव्हीवर त्या नावाची कुणी आली तरी जावई चॅनल बदलायचा.

मग हा झाला, तोही सातव्या महिन्यात. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवला होता, बोटाएवढ्या हाताला नळ्या लावून. आम्ही काचेबाहेर उभ्या राहून नुसत्या बघायचो. पण गडी तिथून निभावून घरी आला. दूध ओढायला लागला, गाल भरले, रडला की खाली वॉचमन वर बघायचा. सगळं झालं, पण त्याला नाव नव्हतं. हॉस्पिटलच्या फाइलवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. घरात 'बाळ'. बारशाचा विषय निघाला की मुलगी उठून आत जायची. एकदा मी जरा जोर लावला, तेव्हा म्हणाली, "आई, तिला नाव होतं, ती गेली. ह्याला नाव नाहीये आणि हा आहे. राहू दे ना."

मुलगी एमएस्सी आहे, डोक्याने माझ्याहून तल्लख. पण भीती काही डिग्री विचारून घरात शिरत नाही. मला काळजी बाळाची नव्हती, डॉक्टर त्याच्यावर खूश होते. मला धास्ती होती लेकीची. ती त्याला पाजायची, न्हाऊ घालायची, मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायची, पण त्याला हाक मारायची नाही. साधं 'ए सोन्या' नाही, 'ए गुंड्या' नाही. मूल आणि आई एका खोलीत आणि त्या खोलीत एकही हाक नाही, हे मला बघवत नव्हतं.

एक दिवस विहीणबाईंनी मला गॅलरीत बोलावून घेतलं. "विहीणबाई, येत्या रविवारी बारसं करायचं. तिचं मी बघती. तुम्ही निस्तं वरवंट्याचं बघा."

शहरातल्या नव्या पोरींसाठी सांगते. बारशाला पाळण्यात बाळाला घालायच्या आधी वरवंटा घालतात. पाट्यावर चटणी वाटायचा तोच दगडी दांडा. त्याला झबलं, टोपडं घालून बाळासारखं सजवतात, गोप्या म्हणतात, आणि बायका त्याला पाळण्याखालून एकीकडून दुसरीकडे देतात, वरून परत घेतात. 'घ्या' म्हणत एकीने द्यायचं, दुसरीने घ्यायचं. मूल दगडासारखं धट्टंकट्टं व्हावं, असा त्याचा अर्थ. मला ही चाल पहिल्यापासून आवडते. आपल्याकडच्या सगळ्या समारंभांत बेसाल्टला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळतो?

"पण तुमच्या गावी आहे की पाटा-वरवंटा," मी म्हटलं.

"हाय की. पर जाऊबाई देत न्हाईत. पाट्यापासनं वरवंटा तोडू नये म्हणत्यात. जोडप्यातला एकच उचलून न्यायचा व्हय?"

हे मला पटलं. माझा स्वतःचा पाटा मी चाळ सोडताना कुणाला तरी देऊन टाकला होता. मुलीच्या मजल्यावर चौकशी केली तर एका बाईंनी मिक्सरचं भांडं पुढे केलं, कोणत्या कंपनीचं ते सांगून. शेवटी मी उल्हासनगर गाठलं.

तिथे भांड्यांच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर एक सिंधी गृहस्थ होते, माझ्याच वयाचे. "वरवंटा? मॅडम, पाहिजे तसा देतो. ये देखो, जेट ब्लॅक, एक नंबर पत्थर." वरवंट्याऐवजी खलबत्ता होता, काळाभोर, चकचकीत; म्हटलं, बत्ताही चालून जाईल. मी पर्समधून भिंग काढलं. गृहस्थ बघतच राहिले. मग चाकू काढला, तेव्हा ते एक पाऊल मागे सरकले. मी तळाला हलकेच घासलं तर पांढरी भुकटी पडली. चाकूला असा मुकाट्याने शरण जाणारा दगड, वरून काळा रंगवलेला. ऑगाइट औषधालाही नाही.

"हा नरम आहे," मी म्हटलं.

"मॅडम, ये शो-पीस आहे. गिफ्ट में देते हैं. इसमें कोई कूटता थोडी है?" त्यांनी अजिबात न लाजता सांगितलं. "आपको किसलिए पाहिजे?"

मी बारशाचं सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला. "अरे, पहले बोलना था! बच्चे का काम आहे. हमारे में छठी करते हैं ना." आणि त्यांनी तो खलबत्ता माझ्या हातातून काढून घेऊन परत फळीवर ठेवला. "ये नहीं देगा. असली लेके जाओ, कुठून पण." वर चहा पाजला. तेवढ्या वेळात मी त्यांना दगड काळा का असतो ते सांगितलं. त्यांच्या दुकानाला जिना नाही.

मी हात हलवत घरी आले, चपला काढल्या, बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून पायाने अडकण पुढे सरकवलं, आणि तशीच थांबले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्या दाराला अडकण म्हणून जो पडलेला होता, तो कोअरचा तुकडा होता. वीतभराहून थोडा लांब, मुठीत मावेल एवढा जाड, गोल, गुळगुळीत, आकाराने थेट वरवंटा. सोनिवलीतल्याच एका प्लॉटवरचा, मुलीच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या पलीकडचा. काम संपल्यावर पेट्या टाकून द्यायला निघाले होते, तेव्हा मी साइटवरच्या साहेबांकडून मागून घेतला होता, कारण असा घट्ट, ताजा, एकही चीर नसलेला बेसाल्ट मला फार देखणा वाटतो. मी तो धुतला, भिंगाखाली धरला. ऑगाइटच्या कण्या जागच्या जागी. त्याच संध्याकाळी पिशवीत घालून बदलापूरला नेला.

विहीणबाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला, वजन बघितलं, आणि माझ्या सगळ्या उत्साहावर पाणी ओतलं. "दगुड चांगलाय. पर ह्यो वरवंटा न्हाई. ह्यानं कधी लसूण तरी वाटलाय का?"

"आकार तोच आहे. दगड तोच आहे."

"आकारावर काय असतंय? माझ्या भावजयीचा आकार नटीवानी हाय. काम करायला लागतंय."

मग तिथल्या तिथे त्याला वरवंटा करायचा ठराव झाला. पाटा नव्हताच, म्हणून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाटायचं. तो ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, असं बिल्डरने सांगितलेलं. ग्रॅनाइट कसला, तो ऑगाइटने भरलेला गॅब्रो, म्हणजे बेसाल्टचाच जमिनीखाली सावकाश थंड झालेला भाऊ. मी हे सांगायला तोंड उघडलं तर जावई म्हणाला, "मम्मी, आपण ते मागच्या वेळेला केलंय." मी तोंड मिटलं. विहीणबाईंनी लसूण, मिरच्या, दाणे, मीठ ओट्यावर घेतलं आणि कोअर फिरवला. ओट्याला पॉलिश, त्यामुळे दाणे वाटले जायच्या ऐवजी पळायला लागले. एक मिरची गॅसखाली गेली, लसणाची पाकळी जावयाच्या चष्म्यावर बसली. विहीणबाईंनी पदर खोचला, सगळं जागच्या जागी चेचून मग हळूहळू रगडायला घेतलं आणि अखेर चटणी झाली. आम्ही ती गरम भाकरीबरोबर खाल्ली. दाताखाली कचकन काहीतरी आलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मीठ असेल."

मुलगी हे सगळं दारात उभी राहून बघत होती, बाळ खांद्यावर. हसत होती, म्हणून विहीणबाईंना धीर आला. दगड धुऊन पुसत त्या म्हणाल्या, "बघ बाई, आता झाला वरवंटा. ह्या दगडासारखंच तुझं लेकरू टिकंल."

मुलीचं हसू गेलं. "दगडपण टिकत नाही, आई," ती म्हणाली. आम्ही दोघी वळलो, पण ती माझ्याकडे बघत होती. "तूच दाखवलंयस. बारवी डॅमच्या रस्त्याला. तू तो काळा दगड माझ्या हातात दिलास आणि मी नुसता दाबला तर त्याची माती झाली. काळं असतं ते आधी सडतं, तूच म्हणाली होतीस."

म्हटलं होतं मी. ती दुसरी-तिसरीत असेल. रस्त्याच्या कडेला डोंगर कापला होता, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे दिसत होते. ऑगाइट चाकूला दाद देत नाही, पण हवा-पाण्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. त्याच्यातलं लोखंड गंजतं, खडकाचा मुरूम होतो, मुरमाची माती. अंबरनाथच्या देवळावरच्या मूर्तींची नाकं-बोटं कशी झिजलीत, तेही मीच तिला दाखवत फिरले होते. तिला तेव्हा किती मजा वाटली होती, दगडाची माती केली म्हणून! आता 'ते उघड्यावरच्या दगडाचं, हा आतला आहे', असं काहीतरी सांगता आलं असतं मला. पण खोटं बोलले असते तर तिने ओळखलं असतं. मी म्हटलं, "खरंय. सडतो. फार वेळ लागतो, पण सडतो." आणि मला रडूच आलं.

जावई पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिला, कुणाला द्यावा ते न कळून. विहीणबाई मात्र दगडाला झबल्याचं माप लावत बसल्या होत्या. त्यांना आमच्या सडण्या-टिकण्याशी देणंघेणं नव्हतं. त्या आपल्या कामाच्या नादात बोलत होत्या. "आमच्याकडं ह्याला थोरला म्हणत्यात. आधी थोरल्याचं सगळं करायचं. त्याला आंघुळ, त्याला कुंची, त्याला पाळण्यात घालायचं. मग धाकट्याचं. थोरल्याला वगळून धाकट्याचं कसं करायचं?"

मुलगी दारातून पुढे त्या दगडाजवळ आली. मग तिने विचारलं, "थोरल्याला नाव ठेवतात?"

"गोप्या म्हणायचं. नायतर तुला जे म्हणायचं ते म्हण. त्यो काय न्हाई म्हणतोय?"

मुलीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "रविवारी करू," ती म्हणाली आणि आत गेली.

ती कशाने तयार झाली ते मला कळलं नाही. मी अंबरनाथला परतताना सगळं श्रेय चटणीला देऊन मोकळी झाले.

रविवारी पाळणा आला, फुगे आले, मजल्यावरच्या बायका आल्या, मिक्सरचं भांडं देणाऱ्या बाईंसकट. घुगऱ्या शिजल्या. जावयाला बहीण नाही, म्हणजे कानात नाव सांगायला आत्या नव्हती. कुणीतरी विचारलंच, तेव्हा विहीणबाईंनी मिटवून टाकलं, "आईच सांगंल. तिच्यापरीस जवळचं कोण हाय?"

आधी थोरला. विहीणबाईंनी त्याला बाळाचंच धुतलेलं झबलं घातलं होतं, लाल कुंची बांधली होती, तीट लावली होती. मी जन्मभर कोअर हाताळले, पण कुंचीतला कोअर पहिल्यांदा बघत होते. माझ्या तोंडून फिस्सकन हसू सुटलं, आणि त्यावर बाकीच्याही हसल्या. घ्या, द्या सुरू झालं. पाळण्याखालून तो इकडून तिकडे गेला, वरून परत आला, जरा जड म्हणून एका बाईंच्या हातून सटकता सटकता राहिला, आणि फिरत फिरत मुलीकडे आला.

तिने तो पुढे दिला नाही. तिने त्याला खांद्याशी घेतलं. डोक्याच्या बाजूला हात लावून, तान्ह्या बाळाला घेतात ना, तसं. मी तिच्या शेजारीच होते. बायकांचा गलका चालू होता. तिने मान खाली घातली, कुंचीला ओठ लावले आणि त्या दगडाच्या कानात नाव सांगितलं. आमच्या घरात दोन वर्षं कुणी न उच्चारलेलं ते नाव. तेवढंच. पलीकडे जावई फोनवर शूटिंग करत होता. त्याला ऐकू आलं नसेल, पण ओठ दिसले असतील. त्याचा फोन खाली आला.

"घे, आई," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तिने तो मला दिला. त्याचं वजन मला पाठ होतं, तरी मी दुसरा हात खाली धरला. मी तिला सावकाश पाळण्याखालून विहीणबाईंकडे दिलं. त्यांनी ती घेतली, छातीशी धरली, आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "झालं हं थोरलीचं. आता धाकट्याला आणा."

बाळाला पाळण्यात घातलं. मुलगी त्याच्या कानाशी वाकली, 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणे सगळ्या जणी तिच्या पाठीत धपाटे घालायला लागल्या. मीही हात उगारला, पण तो तिच्या पाठीवर ठेवल्यावर मला उचलवला नाही. पाठ हलत होती. ती हसत होती की रडत होती, ते मला कळेना.

मग तिने मान वर केली, पाळण्याची दोरी धरली आणि सगळ्यांसमोर, चांगली मोठ्याने, त्याला हाक मारली.